शासकीय कंत्राटदारांकडील अभिलेखांची सार्वजनिक उपलब्धता

शासकीय कंत्राटदारांकडील अभिलेखांची सार्वजनिक उपलब्धता म्हणजे शासनाचे काम करारावर करणाऱ्या खासगी व्यक्ती, संस्था किंवा कंपनीच्या ताब्यातील, त्या कामासंबंधीची कागदपत्रे नागरिकांना पाहता येणे आणि त्यांच्या प्रती मिळणे. रस्ते, धरणे, नळपाणी योजना, टँकर, वीजवितरण, रुग्णवाहिका अशी अनेक सार्वजनिक कामे कंत्राटाने होतात. अशा कामांचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो. नोंदींचा मोठा भाग मात्र कंत्राटदाराच्या कार्यालयात राहतो.

भारतात या विषयासाठी स्वतंत्र कायदा नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यातील व्याख्यांच्या आधारे हा प्रश्न सोडविला जातो. अभिलेख कोणाच्या कपाटात आहे एवढ्यावर हा अधिकार ठरत नाही. त्या अभिलेखावर सार्वजनिक प्राधिकरणाचे नियंत्रण आहे की नाही, हे पाहावे लागते. हे नियंत्रण बहुतांशी करारनाम्यातील अटींवरून ठरते. त्यामुळे नागरिकाला कोणती माहिती मिळेल, हे बऱ्याच अंशी काम सुरू होण्यापूर्वी, करार लिहितानाच निश्चित होते.

संज्ञा

शासकीय कागदपत्रांत 'कंत्राटदार' हा शब्द रूढ आहे. बोलण्यात 'ठेकेदार' असे म्हणतात. या लेखात बांधकाम कंत्राटदार, सेवा पुरवठादार, वीजवितरणाचे मताधिकारी म्हणजे फ्रँचायझी, पथकर वसूल करणाऱ्या सवलतधारक कंपन्या आणि मजूर सहकारी संस्था या सर्वांचा समावेश कंत्राटदार या संज्ञेत केला आहे. 'अभिलेख' या शब्दात अधिनियमानुसार दस्तऐवज, हस्तलिखित, फाइल, सूक्ष्मपट आणि संगणकावर तयार झालेली सामग्री यांचा अंतर्भाव होतो.

पार्श्वभूमी

उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राज नारायण (१९७५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कृत्ये जाणून घेण्याचा जनतेचा हक्क मान्य केला. हा हक्क प्रत्यक्षात आणण्याची चळवळ मात्र गावपातळीवरील कामांच्या हिशेबातून उभी राहिली. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. तेथे सार्वजनिक कामांचे हजेरीपट व देयके लोकांसमोर वाचून दाखविण्यात आली. कागदावरील नोंद आणि जागेवरील काम यांची तुलना गावकरी स्वतः करू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

महाराष्ट्राने २००० मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला. तो अपुरा ठरल्याने २००२ मध्ये नवा अध्यादेश काढण्यात आला व पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले. या प्रक्रियेत अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा मोठा वाटा होता. केंद्रीय अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला.

कायदेशीर चौकट

ताबा आणि नियंत्रण

अधिनियमाच्या कलम २(ञ) मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाने धारण केलेली 'किंवा त्याच्या नियंत्रणाखाली असलेली' माहिती मिळविण्याचा अधिकार दिला आहे. यातील 'नियंत्रणाखाली' हा शब्द कंत्राटी कामांसाठी महत्त्वाचा आहे. एखादा अहवाल सादर करण्याची किंवा मागितल्यास दाखविण्याची अट करारात असेल, तर तो कंत्राटदाराकडे असला तरी तो मागवून घेण्याचा हक्क कार्यालयाला असतो. अशा वेळी 'माहिती कंत्राटदाराकडे आहे' एवढे उत्तर पुरेसे ठरत नाही.

याच कलमात कामाची, दस्तऐवजांची व अभिलेखांची पाहणी करणे, टिप्पणे व प्रमाणित प्रती घेणे आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे. त्यामुळे नागरिकाला रस्त्यात वापरलेल्या सामग्रीचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. कागद उपलब्ध नसतील तेव्हा या तरतुदीचे महत्त्व वाढते.

या अधिकाराला मर्यादाही आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जी माहिती अस्तित्वात नाही आणि जी ठेवण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने किंवा नियमाने प्राधिकरणावर नाही, ती गोळा करून किंवा नव्याने तयार करून देण्यास प्राधिकरण बांधील नाही.

अन्य कायद्यांन्वये मिळणारी माहिती

कलम २(च) मधील 'माहिती' या व्याख्येत, अन्य कोणत्याही कायद्यान्वये सार्वजनिक प्राधिकरणाला खासगी संस्थेकडून मिळविता येणारी माहितीही येते. थलप्पलम सेवा सहकारी बँक विरुद्ध केरळ राज्य (२०१३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत असे सांगितले. मात्र निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून मागविता येते, ती नागरिकाला निबंधकामार्फत मिळू शकते, हेही न्यायालयाने मान्य केले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या निकालाला विशेष महत्त्व आहे. तालुकापातळीवरील लहान कामांचा ठरावीक हिस्सा मजूर सहकारी संस्थांसाठी राखून ठेवला जातो. या संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असल्याने त्यांच्या लेखापरीक्षणासारखे अभिलेख सहकार खात्याच्या कक्षेत येतात. कंत्राटी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी आणि कामगार कायद्यांनुसार ठेवावयाच्या नोंदवह्या यांना हेच तत्त्व लागू करता येते.

कंत्राटदार स्वतः सार्वजनिक प्राधिकरण असणे

शासनाच्या मालकीची, नियंत्रणाखालील किंवा शासनाकडून मोठ्या प्रमाणात वित्तपुरवठा होणारी संस्था कलम २(ज) नुसार स्वतःच सार्वजनिक प्राधिकरण ठरते. डीएव्ही महाविद्यालय न्यास (२०१९) या निकालानुसार, 'मोठ्या प्रमाणात वित्तपुरवठा' म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम असलीच पाहिजे असे नाही. प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती पाहावी लागते. तथापि, केलेल्या कामाचा मोबदला मिळणे आणि वित्तपुरवठा होणे या भिन्न बाबी आहेत. त्यामुळे केवळ शासकीय कंत्राट मिळाल्याने कोणताही कंत्राटदार या व्याख्येत येत नाही आणि त्याच्याकडे थेट अर्ज करता येत नाही. अर्ज काम देणाऱ्या कार्यालयाकडेच करावा लागतो.

अपवाद आणि त्रयस्थ पक्ष

कलम ८(१)(घ) नुसार वाणिज्यिक विश्वास, व्यापारी गुपिते किंवा बौद्धिक संपदा यांसंबंधीची माहिती उघड केल्याने त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धात्मक स्थानाला हानी पोहोचणार असेल, तर ती नाकारता येते. निविदा उघडण्यापूर्वीचे दर हे याचे सरळ उदाहरण होय. निविदेचा निर्णय झाल्यावर मात्र गुप्ततेचे कारण बहुतेक संपते. झारखंड उच्च न्यायालयाने २००७ मध्ये झारखंड राज्य विरुद्ध नवीन कुमार सिंघा या प्रकरणात, निविदा मंजूर झाल्यानंतर बोलीदारांनी सादर केलेली कागदपत्रे गुप्त ठेवण्याचे समर्थन करता येत नाही, असे मत दिले.

कंत्राटदाराने गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करावयाची असल्यास कलम ११ नुसार त्याला पाच दिवसांत नोटीस द्यावी लागते. आपले म्हणणे मांडण्यास त्याला दहा दिवस मिळतात आणि अर्ज आल्यापासून चाळीस दिवसांत माहिती अधिकाऱ्याने निर्णय द्यावयाचा असतो. कंत्राटदाराला अपिलाचा हक्क आहे. पण त्याची नुसती हरकत हा नकाराचा आधार होऊ शकत नाही. निर्णय माहिती अधिकाऱ्याचा असतो. शिवाय कलम ८(२) नुसार, संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असल्यास अपवादातील माहितीही देता येते. कलम १० नुसार संरक्षित भाग झाकून उरलेला भाग देता येतो.

अभिलेखांचे प्रकार

कंत्राटी कामातील अभिलेखांचे ताबा व नियंत्रण यांनुसार तीन गट करता येतात.

१. कार्यालयाचे स्वतःचे अभिलेख: प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, तुलनात्मक तक्ता, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयके, मुदतवाढीचे आदेश आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. मोजमाप पुस्तिकेतील नोंदी अभियंता करतो. म्हणून ती कंत्राटदाराची नव्हे तर शासनाची नोंद असते. हे सर्व अभिलेख कार्यालयाच्या ताब्यात असणे अपेक्षित आहे.

२. कंत्राटदाराने तयार केलेले, पण कराराने किंवा कायद्याने दाखविणे बंधनकारक असलेले अभिलेख: गुणवत्ता चाचणीचे अहवाल, टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही, यंत्रांच्या तपासणीच्या नोंदी, हजेरीपट, वेतनपत्रके, विमा आणि भविष्य निर्वाह निधीची चलने. बहुतेक वाद याच गटाबाबत उद्भवतात.

३. कंत्राटदाराचे अंतर्गत अभिलेख: नफ्यातोट्याचा हिशेब, बँक खात्याचे उतारे, पुरवठादारांशी झालेले खासगी व्यवहार. अन्य कायद्याने ते प्राधिकरणाला मागविता येत नसतील, तर ते या अधिकाराच्या बाहेर राहतात. कंत्राटदार नोंदणीकृत कंपनी असल्यास कंपनी निबंधकाकडे दाखल झालेली तिची विवरणे विहित शुल्क भरून कोणालाही पाहता येतात.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील स्थिती

मुरबाड व शहापूर हे ठाणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके आहेत. शहापूर तालुका संपूर्णतः आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो.

रस्ते

टोकावडे हे मुरबाड तालुक्यातील गाव कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर आहे. अशा गावाच्या परिसरातील रस्ते एका कार्यालयाकडे नसतात. महामार्ग राष्ट्रीय महामार्गांच्या यंत्रणेकडे, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग सामान्यतः जिल्हा परिषदेकडे, तर प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील रस्ते महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेकडे असतात. कंत्राटदार एकच असला तरी अभिलेख त्या त्या रस्त्याच्या मालक कार्यालयाकडे मागावे लागतात. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेल्यास कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठविणे बंधनकारक आहे.

ग्राम सडक योजनेच्या करारात पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कंत्राटदारावरच असते. म्हणून पावसाळ्यानंतर रस्ता उखडला असेल, तर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीच्या नोंदी हे सर्वांत उपयुक्त कागद ठरतात. दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हावयाची की पुन्हा सार्वजनिक निधीतून, याचा निर्णय त्यांवरून होतो.

पाणी

मुंबईला पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत; तरीही तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. टँकर कंत्राटाने लावले जातात आणि देयक फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. फेरी खरोखर झाली का, हे टँकरची नोंदवही, वाहनस्थितीदर्शक यंत्रणेची माहिती आणि गावात पाणी उतरवून घेणाऱ्याची सही यांवरून कळते. हे अभिलेख जतन झाले नाहीत, तर न झालेल्या फेरीचे पैसे दिले गेले की नाही, हे नंतर सिद्ध करता येत नाही.

काळू धरण

मुरबाड तालुक्यातील काळू नदीवरील नियोजित धरणाचे काम कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने कंत्राटदाराला दिले. वनजमिनीसंबंधीची मान्यता मिळण्यापूर्वीच काम सुरू झाल्याच्या तक्रारीवरून श्रमिक मुक्ती संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला. अशा प्रकल्पात कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा आहे, त्या दिवशी कोणत्या परवानग्या हाती होत्या आणि कंत्राटदाराला कोणत्या रकमा अदा झाल्या, हे कागद केवळ हिशेबासाठी उरत नाहीत. गाव व शेती पाण्याखाली जाण्याचा प्रश्न त्यांच्याशी जोडलेला असतो.

समृद्धी महामार्ग

हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. सरळांबे येथे १ ऑगस्ट २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर तुळया बसविण्याचे अवजड यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. मोठ्या प्रकल्पांत महामंडळ, मुख्य कंत्राटदार आणि उपकंत्राटदार अशी साखळी असते. यंत्राच्या तपासणीच्या नोंदी, सुरक्षेची कार्यपद्धती आणि त्या रात्रीचा हजेरीपट यांसारखे अभिलेख या साखळीच्या तळाशी तयार होतात. उपकंत्राटदाराचा करार मुख्य कंत्राटदाराशी असतो, शासनाशी नव्हे. त्यामुळे मूळ करारात ही अट पुढे लागू केलेली नसेल, तर हे अभिलेख नागरिकाच्या हाती येणे कठीण होते. मृतांच्या कुटुंबीयांसाठी हजेरीपट हा माणूस कामावर होता याचा आणि भरपाईच्या हक्काचाही पुरावा असतो.

वीज आणि रुग्णवाहिका

भिवंडी परिसरातील वीजवितरण २६ जानेवारी २००७ पासून आणि मुंब्रा, कळवा, शीळ परिसरातील १ मार्च २०२० पासून टोरेंट पॉवर ही कंपनी महावितरणची फ्रँचायझी म्हणून पाहते. मुरबाड व शहापूर येथे हे काम शासकीय मालकीची महावितरण कंपनी करते. म्हणजे एकाच जिल्ह्यात काही ग्राहकांच्या नोंदी सार्वजनिक प्राधिकरणाकडे, तर काहींच्या खासगी कंपनीकडे आहेत. विद्युत अधिनियम, २००३ नुसार फ्रँचायझी परवानाधारकाच्या वतीने काम करते आणि वितरणाची जबाबदारी परवानाधारकाकडेच राहते. या आधारे अशी माहिती महावितरणकडे मागता येते.

राज्यात २०१४ मध्ये सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही करारावर चालविली जाते. दूरध्वनी केव्हा आला आणि गाडी केव्हा पोहोचली, या नोंदी सेवा चालविणाऱ्याकडे तयार होतात. त्या मागावयाच्या झाल्यास अर्ज सार्वजनिक आरोग्य विभागाकडे करावा लागतो.

माहिती मागण्याची पद्धत

महाराष्ट्र माहितीचा अधिकार नियम, २००५ नुसार अर्जाचे शुल्क दहा रुपये आणि प्रतीचे शुल्क दर पानास दोन रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. २०१२ च्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या मर्यादेत असावा लागतो. माहिती साधारणपणे तीस दिवसांत द्यावयाची असते. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ही मुदत ४८ तासांची आहे.

माहिती नाकारल्यास किंवा न मिळाल्यास तीस दिवसांत प्रथम अपील, आणि त्याच्या निर्णयानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. दोन्ही अपिलांचे शुल्क प्रत्येकी वीस रुपये आहे. ठाणे जिल्हा आयोगाच्या कोकण खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. वाजवी कारणाशिवाय माहिती न दिल्यास माहिती अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हा दंड कंत्राटदाराला लागू होत नाही.

कंत्राटी कामाबाबत अर्ज करताना प्रथम करारनामा व त्यास जोडलेल्या अटी मागविणे उपयुक्त ठरते. कंत्राटदाराने कोणते अहवाल, किती काळाने आणि कोणाकडे द्यावयाचे आहेत, हे त्यातून समजते. त्यानंतर त्या अटीचा क्रमांक नमूद करून नेमका अहवाल मागता येतो. अहवाल दिलाच गेलेला नसेल, तर तसे लेखी उत्तर हीदेखील महत्त्वाची माहिती असते. कारण त्यावरून अटीचा भंग होऊनही देयक मंजूर झाले का, हे कळते.

अर्जाशिवायही काही मार्ग आहेत. कलम ४ नुसार अंदाजपत्रक, खर्चाचे अहवाल आणि सवलती व परवाने मिळालेल्यांचा तपशील कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करावयाचा असतो. केंद्र शासनाच्या एप्रिल २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत खरेदी आणि सार्वजनिक-खासगी भागीदारी यांचाही समावेश आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४(च) नुसार पंचायतीला योजनांवरील निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावे लागते. प्रमाणपत्र देण्यापूर्वी कामाचे कागद पाहण्याची संधी ग्रामसभेला यातून मिळते.

मर्यादा

* करारातील मौन: नोंद ठेवण्याची किंवा सादर करण्याची अट करारात व कायद्यात नसेल, तर त्या नोंदीवर नियंत्रण आहे असे दाखविणे अवघड होते.
* अभिलेख गहाळ होणे: दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये भारत सरकार विरुद्ध विश्वास भांबुरकर या प्रकरणात, कार्यालयाकडे कधीकाळी असलेली माहिती 'सापडत नाही' एवढ्या कारणाने नाकारता येत नाही, कसून शोध व आवश्यक तर जबाबदारीची निश्चिती व्हावी, असे म्हटले. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अभिलेखांच्या जतनाविषयी तरतुदी आहेत. परंतु कंत्राटदाराकडून कार्यालयात कधीच न आलेल्या कागदाबाबत त्यांचा फारसा उपयोग होत नाही.
* वैयक्तिक माहितीचा अपवाद: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कार्याशी संबंध आहे का, ही पूर्वीची कसोटी या खंडातून गेली. गावातील लहान कामांचे कंत्राटदार अनेकदा व्यक्ती असतात आणि हजेरीपटात मजुरांची नावे असतात. त्यामुळे अशा प्रकरणांत आता कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताच्या तरतुदीवर अधिक भिस्त ठेवावी लागते.
* अर्जदाराची सुरक्षितता: तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. त्यानंतर अर्जदारांच्या संरक्षणाचा प्रश्न राज्यात ठळकपणे पुढे आला. जागल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये संमत झाला. मात्र त्याची अंमलबजावणी सुरू करण्यात आलेली नाही.

इतर देशांतील तरतुदी

आयर्लंडच्या २०१४ च्या कायद्यात सार्वजनिक संस्थेला करारावर सेवा देणाऱ्याकडील, त्या सेवेसंबंधीचे अभिलेख संस्थेकडेच असल्याचे मानले जाते. ऑस्ट्रेलियात २०१० च्या सुधारणेनंतर, अर्ज आल्यास कंत्राटदाराकडून कागद मिळतील अशी अट करारात घालणे केंद्रीय संस्थांवर बंधनकारक झाले. ब्रिटनच्या २००० च्या कायद्यात संस्थेच्या 'वतीने' अन्य व्यक्तीने धारण केलेली माहिती येते. कॅरिलियन ही मोठी कंत्राटदार कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाल्यावर ही तरतूद पुरेशी आहे का, यावर तेथे चर्चा झाली. अमेरिकेत २००७ च्या दुरुस्तीने, अभिलेख व्यवस्थापनासाठी कंत्राटदाराकडे ठेवलेली माहिती 'अभिलेख' या व्याख्येत आली. दक्षिण आफ्रिकेचा २००० चा कायदा याही पुढे जातो: स्वतःच्या हक्काच्या रक्षणासाठी आवश्यक असल्यास तेथे खासगी संस्थेकडेही थेट माहिती मागता येते.

या कायद्यांच्या तुलनेत भारतीय अधिनियमातील 'नियंत्रणाखाली' ही शब्दरचना व्यापक आहे. परंतु आयर्लंडप्रमाणे मानीव ताब्याची किंवा ऑस्ट्रेलियाप्रमाणे करारात अट घालण्याची सक्ती भारतात नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकरणात नियंत्रण आहे की नाही, हे अर्जदाराला करार वाचून दाखवून द्यावे लागते.

हेही पाहा

* माहितीचा अधिकार अधिनियम, २००५
* महाराष्ट्र राज्य माहिती आयोग
* सामाजिक अंकेक्षण
* ग्रामसभा
* मुरबाड तालुका
* शहापूर तालुका